पांढरी भिंत, रंगीत गोधडी

मी शिरपूरहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळे आठवड्यातून चार गावं आणि पंधरा-वीस घरं माझ्या पायाखालून जातात. आज त्या घरांबद्दलच बोलायचं आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचं घरकुल पूर्ण झालं. सगळ्या जणी बघायला गेलो. दोन खोल्या, सिमेंटचा गिलावा, वर पांढराशुभ्र रंग. ताईंनी दिवाणावर बाजारातली चादर टाकली होती, फुलाफुलांची, तशीच उशी, तसाच पडदा. पॉलिस्टरचं कापड, हप्त्यावर घेतलेलं. त्या म्हणाल्या, "टीव्हीत दाखवतात तसं केलं. पांढऱ्या भिंती आणि रंगीत कापड. नवीन फॅशन आहे." पाणी प्यायला आत गेले तर कोपऱ्यात पत्र्याची पेटी. पेटीत त्यांच्या आईच्या हातच्या तीन गोधड्या, घडी करून, वर वर्तमानपत्र झाकून. मी विचारलं, "या का बाहेर नाहीत?" त्या हळूच म्हणाल्या, "पाहुणे येणार ना. चिंध्या कशा दाखवायच्या?"

मी त्यांना हसले नाही, कारण मीही तेच केलं आहे. माझ्या लग्नात मोठ्या मायने दिलेली गोधडी मी सासरी नेली नाही. मोठी माय तेव्हा अहिराणीत एवढंच म्हणाली होती, "आपला हातनं शे बेटा, तुले कसानी लाज वाटस?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे बी.ए.ला इतिहास होता, गटाच्या कामात जुनी माणसं भेटली, थोडं वाचन झालं, तेव्हा उत्तर सापडायला लागलं. ही पांढरी भिंत आणि हे रंगीत कापड टीव्हीने आणलेलं नाही. ही आपल्याच तापीकाठची जुनी जोडी आहे. तिचा इतिहास आज सांगते.

आधी भिंत बघू. आपल्याकडे जुन्या कागदांत गावाच्या वस्तीला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणतात. काळी पिकवायची, पांढरी राहायची. खानदेशातली धाब्याची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, वर सपाट धाबं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची आणि भिंती पोतारायच्या, हे काम दरसाल घरातल्या बाईचंच. सातपुड्याच्या पायथ्याला कुडाच्या भिंती, त्यांनाही शेणमातीचा लेप. आजही श्रावणात कानबाई बसायची असली की आधी घर झाडून, पुसून, रंगवून काढतो. दिवाळीइतकीच ती आवराआवर असते.

मातीनंतर चुना. चुनखडीचे दगड भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदतो, त्याला चुना विरवणं म्हणतात. (हे काम करताना लेकरं लांब ठेवा. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जाऊ शकतो.) विरवलेला चुना पातळ करून भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन वायू ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. म्हणून चुन्याची भिंत दिवसागणिक घट्ट होत जाते. चुना तिखट असतो, त्यामुळे ओला असताना त्यावर बुरशी आणि जंतू टिकत नाहीत. शिवाय छोट्या खिडकीतून आलेला उजेड पांढरी भिंत खोलीभर परत फेकते. दिव्याच्या तेलाचा हिशोब करणाऱ्या घरात याला मोठी किंमत होती. चुन्यात चिमूटभर नीळ घालायची युक्ती तुम्हाला ठाऊकच आहे. पिवळसर झाक मारली जाते आणि पांढरं जास्त पांढरं दिसतं.

म्हणजे भिंत पांढरी होती ती गरजेतून. मग रंग कुठे होता? कापडात. आणि या कापडाची गोष्ट आपल्या दारावरून गेलेली आहे.

आपल्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. पडका किल्ला आणि फारुकी सुलतानांच्या कबरी आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिल्या असतील. फारुकी घराण्याचं बस्तान आधी या थाळनेरला होतं. पुढे त्यांनी तापीवरच बुऱ्हाणपूर वसवलं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा ते खानदेशचं मुख्य शहर. मुमताज महल 1631 साली वारली ती याच बुऱ्हाणपुरात. या शहराचं नाव जगात गाजलं ते कापडामुळे.

टॅव्हर्निए नावाचा एक फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा आला. तो हिऱ्यांचा व्यापारी, पण वाटेत दिसेल ते टिपून ठेवायचा. त्याचं पुस्तक 1676 साली छापलं गेलं. त्यात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जायच्या वाटेवरचे मुक्काम दिले आहेत. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा. आपलीच नावं! बुऱ्हाणपूरबद्दल तो सांगतो की तिथे तलम सुती कापड फार मोठ्या प्रमाणात विणलं जातं आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं. काही कापड रंगवलेलं, काही फुलांचं. बाया त्याच्या ओढण्या करतात आणि पलंगावर टाकायलाही ते वापरतात. विचार करा, ज्या रस्त्याने आज आपण बसने थाळनेर-चोपड्याला जातो, त्याच पट्ट्यातून बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर सुरतेच्या बंदराकडे हा माल जात होता.

हे फुलांचं कापड म्हणजे छीट. काही जुन्या बाया चीटही म्हणतात. ते कसं होत असे? कोरं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं. मग लाकडी ठशाने त्यावर तुरटी छापायची. जिथे तुरटी लागली तिथेच लाल रंग घट्ट धरतो. लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांचा. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ, निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद किंवा डाळिंबाची साल. सगळं कापड रंगात उकळलं की जिथे तुरटी नाही तिथेही थोडा डाग चढतो. तो काढायला कापड शेणाच्या पाण्यात बुडवायचं, नदीकाठी उन्हात पसरायचं, पाणी मारत राहायचं. काही दिवसांनी मधली जागा पांढरी होते आणि फुलं तेवढी लाल राहतात. ज्या शेणाने आपण भूई सारवतो, त्याच शेणाने ते पांढरं आणलं जात होतं. आणि हा रंग धुतल्यावर जात नसे. साहेबाच्या देशात तेव्हा असा पक्का, धुता येणारा रंग सुती कापडावर कुणाला जमत नव्हता.

आता एका पत्राची गोष्ट. 1643 साली लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकांनी सुरतेच्या आपल्या वखारीला लिहिलं की तुम्ही पाठवता त्या रजयांची जमीन बहुतेक गडद लाल असते, ती इथल्या गिऱ्हाइकाला फारशी पसंत पडत नाही. यापुढे जमीन जास्त पांढरी असू द्या आणि त्यावर फुलं-फांद्या रंगीत काढा. आपल्या बाजूच्या रंगाऱ्यांनी मागणी ऐकली. पांढरी जमीन, त्यावर रंगीत वेल, असा माल जहाजाने जायला लागला. पलंगावर टाकायच्या कापडाला आपण पलंगपोस म्हणतो ना, त्याच शब्दाचं इंग्रजीत 'पालमपोर' झालं. छीटचं 'चिंट्झ' झालं. आज शहरातल्या दुकानात 'चिंट्झ'चे पडदे म्हणून जे महाग विकतात, ते नाव आपल्या छीटचंच आहे.

सॅम्युएल पेपिस नावाचा लंडनचा एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहायचा. 1663 च्या सप्टेंबरात त्याने नोंद केली आहे की बायकोच्या नव्या खोलीच्या भिंतींना लावायला त्याने हिंदुस्थानी रंगीत छीट विकत घेतली. आपल्या हातचं कापड एका साहेबिणीच्या खोलीची शोभा झालं होतं.

पण ज्याचा माल जास्त खपतो त्याचा हेवाही होतो. हिंदुस्थानी छिटेमुळे तिकडच्या विणकरांचा धंदा बसला. फ्रान्सने 1686 मध्ये छिटेवर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने 1700 साली कायदा करून छापील कापड बाहेरून आणणं बंद केलं. तरी बायका सोडेनात. 1719 साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात छिटेचे कपडे घातलेल्या बायांवर हल्ले केले, अंगावरचं कापड फाडलं, शाई फेकली. शेवटी 1721 मध्ये आणखी कडक कायदा आला. छीट अंगावर घालायची नाही, आणि घरातही पलंग, खुर्ची, उशी, पडदा यांना वापरायची नाही. उशीच्या अभ्र्यावर सरकारने बंदी घालावी, मैत्रिणींनो! एवढी ताकद त्या फुलांत होती. आणि विणकरांच्या त्या भांडणातही मार खाल्ला तो बाईनेच, हेही विसरू नका.

बंदीच्या आडोशाने तिकडे छपाई वाढली. यंत्रं आली. 1783 मध्ये तांब्याच्या गोल रुळाने कापड छापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं गेलं. आपल्याकडे ठसा उचलून ठेवायचा, उचलून ठेवायचा. तो रूळ मात्र फिरतच राहायचा.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. कापसाला भाव आला, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले, युद्ध संपल्यावर भाव कोसळलाही. पण तेव्हापासून घडी बसली ती अशी, की कापूस रेल्वेने बाहेर आणि यंत्राचं स्वस्त कापड आत. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथे आपल्या गिरण्या उभ्या राहिल्या, हजारो घरं त्यावर चालली. हातमाग आणि ठसा मात्र मागेच पडला.

आपल्या फैजपूरचं उदाहरण घ्या. यावल तालुक्यातलं हे गाव एकोणिसाव्या शतकात सुती छपाई आणि गडद निळ्या-लाल रंगाईसाठी नावाजलेलं होतं. रंगाऱ्यांची मोठी वस्ती होती. 1869 मध्ये युरोपात आलसारखा लाल रंग कारखान्यात बनवायची युक्ती सापडली. 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. आल खणून, सुकवून, कुटून लाल काढणाऱ्याचा भाव डब्यातल्या रंगापुढे कसा टिकणार?

मग घरातला रंग संपला का? नाही. तो आपल्या आज्यांनी वाचवला. फाटलेलं लुगडं, विटलेलं धोतर, लेकराचं झबलं, फेट्याचा तुकडा. नवीन छीट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी जुन्यातून नवीन नक्षी जुळवली. मधे चौकट, भोवती पट्टे, कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे, आणि सगळ्यावर धावदोरा. बाहेरच्या कडेने सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत. जुनंच कापड का? कारण ते आटून झालेलं असतं, पुन्हा आकसत नाही. मऊ असतं, सुई चार थरांतून सहज जाते. हे ज्ञान आहे, मैत्रिणींनो. नवीन कापडाचा एक आणि जुन्याचा एक असे थर घेतले तर पहिल्याच धुण्यात गोधडी कशी गोळा होते, ते ज्यांनी केलं त्यांना ठाऊक आहे.

या गोधडीला लोक चिंध्या म्हणाले, आणि आपणही म्हणायला लागलो. पण महाराष्ट्रभर झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचीच गोधडी असायची. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. त्यांना तिची कधी लाज वाटली नाही.

आणि एकदा तर खेड्यातल्या साध्या सामानाची सजावट देशाने बघितली. तीही आपल्या फैजपूरलाच. 1936 च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं होतं, आणि अट अशी घातली होती की खेड्यात मिळतं तेच सामान वापरायचं. नंदलालबाबूंनी बांबूची कमान उभारली, बैलांचा रथ सजवला, गावठी सामानातून सगळं नगर उभं केलं. गांधीजींनी भाषणात त्यांचं कौतुक केलं. ज्या गावाच्या रंगाऱ्यांना यंत्राने मागे टाकलं होतं, त्याच गावात खेड्याच्या हाताला असा मान मिळाला.

आता आजचं सांगते, कारण इतिहास आपल्या उंबऱ्यापर्यंत येतोच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने गोधडीच्या टाक्याचे उशीचे अभ्रे शिवले. शहरातला एक व्यापारी आला, 24 अभ्रे घेतले, नगाला 120 रुपये दिले. आम्ही खूश. नंतर माझ्या भाचीने मोबाइलवर दाखवलं. तसाच अभ्रा, 850 रुपये. पांढऱ्या भिंतीपुढे, लाकडी दिवाणावर मांडून फोटो काढला होता. शिवणारीचं नाव कुठे नव्हतं. भिंतीला चुना आपण लावतो, आणि आपल्याला चुना लावणारे असे भेटतात!

पण मी रात्री हिशोब मांडला तेव्हा कळलं, चूक आमचीही होती. एका अभ्र्याला एका बाईचा पूर्ण दिवस जातो. निंदणीला गेली असती तर तिला 250 रुपये मिळाले असते. दोरा, अस्तर, चेन मिळून 40. म्हणजे 290 रुपयांची वस्तू आम्ही 120 ला दिली. नगामागे 170 रुपयांचा तोटा, 24 नगांचे 4,080 रुपये. आम्ही दिवसाचं मोलच धरलं नव्हतं. "घरीच तर बसून शिवलं," असं आम्ही म्हणत होतो. 1643 चे रंगारी असोत की आजचा आमचा गट, जमीन पांढरी हवी की लाल हे गिऱ्हाइकाने सांगावं, त्यात वाईट काही नाही. पण आपल्या दिवसाची किंमतही दुसऱ्यानेच ठरवली तर हात आपले आणि नफा त्याचा.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक नगाला किती तास लागले ते वहीत लिहायचं आणि रोजीपेक्षा कमी भाव सांगायचा नाही. आता आम्ही 320 सांगतो. काही गिऱ्हाइकं परत जातात, हे खरं आहे. थोडी घेतात. दुसरी, आतल्या बाजूला शिवणारीचं नाव आणि गाव दोऱ्याने काढायचं. तिसरी, नक्ष्यांची वही. कुणाची माय कोणती नक्षी घालायची, तिला काय नाव होतं, कोणते तुकडे लागायचे, ते सुनांनी आणि लेकींनी लिहून काढायचं. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि 1952 साली पुस्तक निघालं. कुणी लिहिलंच नसतं तर ते सगळं आसोद्याच्या आणि जळगावच्या घरातच विरून गेलं असतं. गोधडीच्या नक्ष्यांचं तसं होऊ नये.

तुमच्या घरासाठी दोन शब्द सांगते. मातीची भिंत असेल तर तिला चुनाच द्या. ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. भिंत पांढरी असेल तर एका खोलीत एकच मोठी नक्षी मांडा, दिवाणावरची गोधडी किंवा पडदा, आणि उश्यांना त्यातलाच एखादा रंग घ्या. जुन्या लुगड्याचे काठ काढून ठेवा, पडद्याला ते फार शोभतात. नवीन रंगीत तुकडा वापरण्याआधी रात्रभर पाण्यात टाका. रंग सुटतो का, कापड आटतं का, ते सकाळी कळतं.

त्या घरकुलवाल्या ताईंकडे कानबाईच्या वेळी पुन्हा गेले होते. भिंती तशाच पांढऱ्या. पॉलिस्टरची चादर अजून होती, हप्ते फिटायचे आहेत ना. पण दिवाणावर त्यांच्या आईची एक गोधडी अंथरली होती, लाल पट्ट्यांची, आणि रोट खायला आलेल्या बाया तिच्यावर बसल्या होत्या. एकीने टाका बघून विचारलं, "कोणी शिवली?" ताईंनी आईचं नाव सांगितलं, माहेरचं गावही सांगितलं.

माझी स्वतःची गोधडी मी माहेरी विचारली. ती मोठी माय गेल्यावर भांड्यांवर देऊन टाकली होती. म्हणून सांगते, तुमच्या पेटीत असेल तर आज काढा, उन्हात टाका आणि कोणी शिवली ते वहीत लिहा.